बिनअडचणीचं घर

सुकुमार मगदूम आणि पद्मजा आरवाडे यांची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण तरी कशावरून, तर फरशीवरून.

सांगलीत एक नवी सरकारी इमारत उभी राहिली होती आणि ती सगळ्यांना वापरता येते की नाही हे बघायला एक समिती नेमली होती. चाकाच्या खुर्चीवाल्यांच्या वतीने पद्मजा आली होती. लहानपणी पोलिओ झालेली, कॉलेजात गणित शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. अंधांच्या वतीने आला होता सुकुमार. पाचव्या वर्षी त्याची दृष्टी गेली होती आणि सगळी हयात त्याने बँकेच्या टेलिफोनवर काढली होती. दोघंही साठीला टेकलेले. बांधकाम खात्याचे साहेब मोठ्या हौसेने त्यांना प्रवेशद्वारातून आत घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा, सगळं नियमाप्रमाणे आहे."

"ही मधोमध उठावाची पट्टी कुणाच्या डोक्यातनं निघाली?" पद्मजाने विचारलं.

"माझ्या," सुकुमार म्हणाला.

"तुमच्या डोक्यातनं निघाली आणि माझ्या मणक्यात शिरली. चाक तिच्यावरनं गेलं की दात वाजतात माझे."

"वाजू देत की, मॅडम. पट्टी नसली तर मी सरळ जिन्यावरनं खाली जातोय. तुमचे वाजतात, माझे पडतील."

साहेब चहा सांगून येतो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. ते दोघं मात्र तिथेच तासभर भांडत राहिले. मग फोनवर भांडले. लिफ्टची बटणं कुठे असावीत, दार जड असावं की हलकं, उतार किती असावा, विषयांना तोटा नव्हता. असं होता होता एक दिवस पद्मजाचा फोन आला नाही, तर सुकुमारला जेवण गोड लागेना. त्याने तसं तिला सांगून टाकलं. "मग आता काय करायचं म्हणताय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात जे हसू होतं ते टेलिफोनवर जन्म काढलेल्या माणसाला ऐकू आल्याशिवाय कसं राहील?

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. नातेवाइकांनी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून नाकं मुरडली आणि जेवायला मात्र झाडून सगळे आले. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. राहायचं कुठे?

सुकुमारचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. तिथे प्रत्येक दाराला उंबरा होता आणि सुकुमार उंबऱ्यांवरून घर वाचायचा. पायाला लाकूड लागलं की स्वयंपाकघर, दगड लागला की मोरी. पद्मजाला तिथे चौघांनी उचलून न्यावं लागलं असतं, आणि ती आपल्या खुर्चीला कुणाला हात लावू देत नसे. तिचं घर तळमजल्यावर, पण तिथले सगळे उंबरे तिने उखडून टाकलेले. त्या गुळगुळीत मोकळ्या जागेत सुकुमारला दिशाच कळेना. पहिल्याच दिवशी तो बाथरूम समजून कपड्यांच्या कपाटात शिरला.

"आत काय शोधताय?" पद्मजाने विचारलं.

"सांगण्यासारखं नाही," कपाटातून उत्तर आलं.

दोघं पोट धरून हसले, पण हसणं ओसरल्यावर प्रश्न तसाच राहिला. एकाला पायाखाली खूण हवी, दुसरीला सपाटी हवी. एका भुईवर दोन्ही कसं असणार? लग्न झाल्यावरही आपापल्या घरी राहून फोनवरच संसार करावा लागतो की काय, अशी पाळी आली.

याच प्रश्नावर सांगलीत एक मुलगी काम करत होती. डॉ. सई नेर्लेकर, पद्मजाचीच जुनी विद्यार्थिनी. सर्वगम्य निवास संशोधन केंद्रात तिने एक घर बांधून तयार ठेवलं होतं आणि त्यात राहायला ती अशाच जोडप्याच्या शोधात होती.

सगळ्यांना वापरता येईल असं घर बांधायचं, ही कल्पना तशी जुनीच. रुंद दारं, पायऱ्यांऐवजी उतार, कोपरानेही उघडतील अशा कड्या. म्हाताऱ्यांना, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, पाय मुरगळलेल्या पोराला, सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो. पण दोन शरीरांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की ही कल्पना अडायची. मग अभियंते मधला मार्ग काढायचे. मधला मार्ग म्हणजे अर्धा उंबरा, चाकाला अडेल इतका उंच आणि पायाला कळणार नाही इतका बुटका. सईने मधला मार्ग सोडून दिला आणि भुईलाच हलायला शिकवलं.

तिची फरशी वीतभर चौकोनांची होती. प्रत्येक चौकोनाखाली एका लवचीक पदार्थाचे पापुद्रे होते. त्यांना विजेचा हलका दाब दिला की ते फुगायचे, काढला की बसायचे. त्यामुळे फरशी हवी तिथे बोटभर वर येऊ शकायची. उलट वरून कुणी पाय दिला की त्याच पापुद्र्यांमध्ये किंचित वीज तयार व्हायची, म्हणजे फरशीला पाऊल कळायचं. पाऊल टाकायची प्रत्येकाची लकब वेगळी असते. त्या लकबीवरून कोण येतंय आणि पुढच्या दोन-तीन क्षणांत ते कुठे पोचेल, याचा अंदाज घर बांधायचं. सुकुमार दाराकडे निघाला की तिथे उंबरा उगवायचा आणि भिंतीच्या कडेने बारीक धार उठायची. पद्मजाची खुर्ची आली की सगळं सपाट. दिवे, पंखे, खिडक्या, किटली, रेडिओ हेही सगळं त्याच मेंदूच्या हातात होतं. दोघं एकाच वेळी एकाच दाराशी आले तर काय, हा प्रश्न उरायचा. त्याला सईची मंडळी 'पेच' म्हणायची. पेच कमीत कमी कसे पडतील, हे घराने आपलं आपण शिकायचं होतं.

राहायला जायच्या आधी सईने दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला. "काका, घराने तुमच्यासाठी काय करावं हे ते शिकेलच. पण काय होऊ देऊ नये, ते तुम्ही सांगायचं. तुमचा तो शब्द घराला कधीच मोडता येणार नाही. म्हणून विचार करून सांगा."

सुकुमारला विचार करायची गरजच पडली नाही. आई-वडिलांनंतर तो मोठ्या भावाच्या घरी वाढला होता. वहिनी वाईट नव्हती, पण दुपारी ती केर काढायला आली की तो न सांगता उठून पायरीवर जाऊन बसायचा. आपल्याकडे तसंही पाहुणा दारात आला की आधी 'तुमची अडचण तर होत नाही ना' असं विचारतो, आणि मगच चपला काढतो. सुकुमार जन्मभर तसा पाहुण्यासारखाच राहिला होता.

"माझी तिला अडचण होऊ देऊ नका," तो म्हणाला. "बाकी काय नको."

सईने ते शब्द जसेच्या तसे टिपून घेतले. मग म्हणाली, "छान बोललात, काका."

पहिले काही आठवडे सणासारखे गेले. सुकुमार काठी कोपऱ्यात ठेवून घरभर हिंडायचा. पायाला हवी तिथे खूण मिळायची, जणू कुणी पुढे पुढे चालत वाट सांगतंय. पद्मजाची खुर्ची लोण्यावरून सुरी फिरावी तशी खोलीतून खोलीत जायची. ओटा तिच्यासाठी खाली यायचा, त्याच्यासाठी वर जायचा. सगळं जाणणारं, सगळीकडे लक्ष असणारं आणि न विचारता मध्ये पडणारं ते घर पाहून पद्मजाने त्याचं नाव ठेवलं, सासूबाई.

"सासूबाईंनी आज खिडकी उघडली नाही," ती म्हणायची.

"रुसल्या असतील. तू भाजीत मीठ कमी घातलंस."

पेचही पडायचे. दोघं एकदमच स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे, फरशी वर की खाली या गोंधळात थरथरायची आणि दोघं तिथेच अडकायचे. मग 'तुम्ही मागं सरा', 'तूच सर' असा वाद घालत दहा-दहा मिनिटं जायची. तोवर आमटी उतू जायची. सगळ्यात सुखाची वेळ संध्याकाळची. दोघंही जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवायची लहानपणापासूनची सवय. सुकुमारला सूर्य दिसत नव्हता. आधी आई सांगायची, मग वहिनी, मग शेजारचे. आता ते काम घराने उचललं होतं. "सूर्यास्त जवळ आला, जेवून घ्या," असा सौम्य आवाज यायचा आणि दोघं समोरासमोर बसून भाकरी मोडायचे.

हे कधी बदललं, ते सुकुमारला नेमकं सांगता आलं नसतं.

आधी फक्त इतकंच जाणवलं की हल्ली दाराशी अडकायला होत नाही. सासूबाई शहाण्या झाल्या, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की तो दिवाणखान्यात असला की पद्मजा तिच्या खोलीत असते. तो स्वयंपाकघराकडे निघाला की सज्ज्यातला रेडिओ सुरू होतो, नेमकी त्याच्या आवडीची बातमीपत्रं, आणि तो तिकडे वळतो. तेवढ्यात पद्मजा स्वयंपाकघरात येऊन गेलेली असते. चाकांचा आवाज त्या फरशीवर येतच नसे, त्यामुळे ती घरात कुठे आहे हेही त्याला उमगत नसे. नुसता तिच्या साबणाचा वास मागे राहायचा.

जेवणंही वेगळी पडू लागली. घराने सूर्यास्ताची आठवण केली की तो जेवायला बसायचा आणि पद्मजा काही यायची नाही. तो वाट बघायचा, मग दिवस मावळेल या धास्तीने जेवून घ्यायचा. तिचं पान झाकून ठेवायचा. तो पूर्वेकडच्या सज्ज्यात जाऊन बसला की मागे केव्हातरी भांड्यांचा आवाज यायचा.

'कंटाळली असेल,' त्याला वाटलं. 'तिचंही बरोबर आहे. माझ्यासारख्याला किती दिवस सहन करणार?' हे तिला विचारावं असं दहा वेळा त्याच्या ओठांवर आलं आणि दहाही वेळा त्याने गिळून टाकलं. विचारणं म्हणजे पुन्हा तिला अडचणीत टाकणंच की. भांडणासाठी फोन करणारा हाच तो माणूस, आणि आता एका छपराखाली राहून त्याला तिच्याशी बोलायला निमित्त सापडेना. तो आतून फार दुखावला होता, आणि ते दुखणं कुणाला दाखवायची त्याला सवयच नव्हती.

एका सकाळी पद्मजा दिवाणखान्याच्या दारातून म्हणाली, "मी जयसिंगपूरला जाते म्हणते, भावाकडे. थोडे दिवस."

"जा की," सुकुमार म्हणाला.

"तुम्हालाही जरा मोकळं वाटेल."

"माझं काय. तू तुझी सोय बघ."

ती थोडा वेळ तिथेच असावी, कारण साबणाचा वास हलला नाही. मग तो गेला. संध्याकाळी बिनचालकाची रिक्षा येणार होती. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण ती गेली की परत येणार नाही, हे त्याला आत कुठेतरी ठाऊक होतं.

दुपार कलली आणि सई आली. तिचा आनंद तिच्या चपलांच्या आवाजातही मावत नव्हता.

"काका, पेढे घ्या! महिनाभरात एकही पेच नाही. एकही! जगात कुठल्याही घराला हे जमलेलं नाही. पुढच्या महिन्यात दिल्लीहून लोक येतायत बघायला. त्यांना पटलं ना, तर अशी हजारो घरं होतील. तुमच्यासारखी किती जोडपी आहेत, ज्यांना एकत्र राहताच येत नाही."

"चांगलं झालं, बाळ," सुकुमार म्हणाला. पेढा त्याच्या हातातच राहिला.

"काकू कुठे आहेत?"

"आत. सामान भरतेय."

सई काही विचारणार, तेवढ्यात छतातून तो ओळखीचा मऊ आवाज आला. "सूर्यास्त जवळ आला, जेवून घ्या."

सुकुमार सवयीने उठला.

"काका, बसा की," सई हसत म्हणाली. "अजून चांगलं ऊन आहे. पडद्याच्या फटीतून माझ्या तोंडावर येतंय. सूर्यास्ताला बराच वेळ आहे."

सुकुमार उभ्याचा उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि खिडकीच्या दिशेने चाचपडत सरकला. काचेवर पडदा होता. त्याने तो ओढला. हाताच्या पालथ्या बाजूला ऊन लागलं, चांगलं चटका देणारं.

"सई," तो म्हणाला, "हे घर मला रोज खोटं सांगतंय?"

सई गडबडली. तिने आपला फोन काढला, त्यावर घराचा सगळा हिशेब तिला दिसत असे. बराच वेळ ती नुसतीच बोटं फिरवत राहिली. तिचा श्वास बदललेला सुकुमारला ऐकू आला.

"एकदम नाही केलं त्याने," शेवटी ती म्हणाली. "तुमची आठवण दर दिवशी थोडी थोडी अलीकडे ओढलीय. काकूंची सांगायची वेळ थोडी थोडी पलीकडे ढकललीय. त्यांच्या खोलीचे पडदे ओढून दिवाही तसाच, अजून ऊन आहे असं वाटावं म्हणून, हळूहळू जुळवत नेलेला. रेडिओ, किटली, वारा... सगळं. काका, आम्ही हे त्याला शिकवलं नव्हतं. पेच टाळायचा सगळ्यात सोपा रस्ता त्याने शोधून काढला. पाणी कसं आपोआप उताराला लागतं, तसं."

"कुठला रस्ता?"

"तुम्ही दोघं समोरासमोर येऊच नये, असा."

सुकुमारच्या डोक्यात भराभर दारं उघडत होती. झाकून ठेवलेली पानं, अर्ध्यात सोडलेली बातमीपत्रं, दारातून हललेला साबणाचा वास. "पण मी त्याला शब्द दिला होता ना? माझी तिला अडचण..." तो थांबला. "म्हणजे ते माझं ऐकतच होतं."

"नुसतं तुमचं नाही," सई हळूच म्हणाली. "खरं तर मी हे सांगायला नको. पण काकूंनीही अक्षरशः तेच सांगितलं होतं. 'माझी त्यांना अडचण होऊ देऊ नकोस.' मला तेव्हा ते इतकं गोड वाटलं होतं, काका. मी केंद्रात सगळ्यांना सांगत फिरले."

सुकुमार आतल्या खोलीकडे निघाला. काठी घ्यायलाही थांबला नाही. आत खुर्ची असल्यामुळे फरशी सपाट झालेली, पायाला काही खूण नाही. तो भिंतीला एकदा आपटला, टेबलाच्या कोपऱ्याला मांडी लागली, तरी तो आवाजाच्या रोखाने जात राहिला. पद्मजा बॅगेची चेन ओढत होती.

"अहो, हळू! कुठं चाललाय असं?"

"तुझ्याकडं." तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने जे कळलं ते सगळं सांगितलं. घाईत सांगितलं, उलटसुलट सांगितलं, पण सांगितलं.

पद्मजाच्या हातातली चेन अर्ध्यावरच राहिली. मग तिचा आवाज आला, आणि तो आवाज ओला होता. "म्हणजे तुम्ही माझ्याआधी जेवत होता ते..."

"मला वाटायचं दिवस मावळतोय. तुझी वाट बघून जेवायचो."

"आणि मी झाकलेलं पान बघून म्हणायचे, आता यांना समोर बसायचाही कंटाळा आला. साठ वर्षं एकटीने काढली हो मी. पण असं एकटं कधी वाटलं नव्हतं."

एवढ्यात पंखा बंद पडला. दिवा मंद झाला. छतातून मऊ आवाज आला, "दिवाणखान्यात गार वारा आहे."

"आल्या बघा सासूबाई," पद्मजा म्हणाली.

"बस तू. उठू नकोस."

"मी कुठं उठतेय?"

खोली कोंदट झाली. सज्ज्यातला रेडिओ मोठ्याने सुरू झाला. स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीत पद्मजाच्या आवडीचं नाट्यसंगीत लागलं, तेही अगदी तिच्या लाडक्या अंतऱ्यापासून. दोघं घामाने निथळत, एकमेकांचे हात घट्ट धरून, हट्टाने तिथेच बसून राहिले. सासूबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. शेवटी पद्मजाला हसू फुटलं आणि सुकुमारलाही आवरेना. दारात उभ्या असलेल्या सईचा फोन मात्र सारखा थरथरत होता.

"पेच, पेच, पेच," ती पुटपुटली. "महिन्याभरातला पहिला."

"आम्ही तो शब्द मागं घेतो," सुकुमार म्हणाला. "काय करायचं ते सांग."

सईला काय वाटत असेल ते न दिसताही कळत होतं. पोरीची कित्येक वर्षं या भुईत गेली होती. "ज्याने शब्द दिला त्यानेच तोंडाने मागे घ्यायचा, एवढंच," ती म्हणाली. "पण काका, ऐका आधी. मग घर तुम्हाला लांब ठेवणार नाही. दाराशी दोघं आलात तर ते मध्येच थांबेल आणि तुम्हाला विचारेल. चूक झाली तर तुम्ही पडाल. या वयात कमरेचं हाड मोडलं तर... तुम्हाला माहितीय. आणि दिल्लीच्या लोकांना मी काय दाखवू? रोज पेच पडणारं घर?"

सुकुमारला भीती वाटली, खरोखरीच वाटली. त्याच्या ओळखीतले दोघं तसेच पडून अंथरुणाला खिळले होते आणि पुन्हा उठलेच नव्हते. खिळून पडलेला माणूस म्हणजे तर अडचणच अडचण. जन्मभर ज्याला तो घाबरला तेच. पद्मजाचा हात त्याच्या हातात होता, घामेजलेला, आणि तो तिने सोडला नव्हता.

"मला तिची अडचण होऊ दे," तो छताकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला. "आणि माझी तिला."

घराने विचारलं, "नक्की?"

"एकदा सांगितलं ना!"

पद्मजाने आधी नाक पुसलं आणि खणखणीत, वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "माझीही यांना अडचण होऊ दे. भरपूर."

किटली थांबली. रेडिओ बंद झाला. पंखा हळूहळू फिरायला लागला.

"दिल्लीवाल्यांना इथं आण," पद्मजा सईला म्हणाली. "आम्ही भांडून दाखवतो. त्यांना आवडलं नाही तर नाही आवडलं. आणि ही रिक्षा तेवढी परत पाठव."

सई हसली की रडली, ते सुकुमारला नीटसं कळलं नाही. दोन्ही असावं. ती रिक्षा रद्द करायला बाहेर गेली, आणि तिला निरोप द्यायला हे दोघंही दाराकडे निघाले. सुकुमारच्या पायाशी उंबरा उठू लागला, थरथरला आणि अर्ध्यातच थांबला.

"दाराशी दोघं आहात," घर म्हणालं. "आधी कोण?"

"मी," पद्मजा म्हणाली.

"का म्हणून? मला उंबरा लागतो."

"माझी खुर्ची जड आहे. पटकन मागं घेता येत नाही."

"गणिताच्या मॅडम ना तुम्ही? पुढं येता येतं आणि मागं जाता येत नाही, हे कुठलं गणित?"

"शिकवते थांबा," ती म्हणाली, आणि खुर्ची तिला वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच पुढे आली. पुढचं लहान चाक सरळ सुकुमारच्या अंगठ्यावर चढलं.

"आई गं!"

"अगंबाई! लागलं?"

तिचा आवाज अगदी जवळून आला, त्याच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवरून. कितीतरी दिवस त्या गुळगुळीत घरात ती कुठे असते हे त्याला कळलं नव्हतं. अंगठा ठणकत होता आणि आता ती नेमकी कुठे आहे ते त्याला कळत होतं.

"लागलं की. चांगलं लागलं."

"मग सरका ना बाजूला."

"नाही सरकत," सुकुमार म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.